चार भिंतींबाहेरचे शिक्षण : उच्च अभ्यासक्रम आणि व्यवसायाच्या वाटा

दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेच्या कार्यालयात आजी-माजी विद्यार्थ्यांची वर्दळ वाढते. ‘सर, पुढे काय करू?’ या प्रश्नाला आमच्यापाशी ठरलेली उत्तरे असतात : डी.एड., नर्सिंग, आयटीआय, पोलीस भरती, अभियांत्रिकी. आणि घरची थोडी सवड असेल तर स्पर्धा परीक्षा. ही उत्तरे चुकीची नाहीत. त्यांच्याच आधारावर आपल्या अनेक विद्यार्थ्यांची घरे उभी राहिली. तरीही या यादीत कधीच न आलेल्या एका क्षेत्राची माहिती स्मरणिकेच्या निमित्ताने नोंदवून ठेवावी असे आम्हांला वाटले. इंग्रजीत त्याला ‘आउटडोअर एज्युकेशन’ किंवा ‘एक्सपिरिएन्शियल एज्युकेशन’ म्हणतात. मराठीत अद्याप एकच रूढ नाव नाही. आपण त्याला चार भिंतींबाहेरचे, अनुभवाधारित शिक्षण म्हणू. डोंगर, नदी, जंगल, शेत, वस्ती यांना वर्ग मानून तेथे शिकवण्याचे शास्त्र, असा त्याचा सरळ अर्थ आहे. जगातील काही विद्यापीठांत या विषयाची पदव्युत्तर पदवी मिळते, त्यावर पीएच.डी. होते आणि त्यावर उपजीविकाही चालते.

हा विषय आम्ही पालकसभेत प्रथम मांडला, तेव्हा ऊसतोडीला जाणारे एक पालक उठून म्हणाले, “गुरुजी, पोरगं उन्हातून सुटावं म्हणून तुमच्या स्वाधीन केलं. आता शिकून सवरून त्यानं परत डोंगरातच हिंडायचं का?” सभेत हशा पिकला, आम्हांला मात्र हसता आले नाही. ज्यांचे सहा-सहा महिने फडावर पालाच्या झोपडीत जातात, ज्यांची मुले बैलगाडीखाली वाढली, त्यांना ‘निसर्गाच्या सान्निध्यात राहण्याचे महत्त्व’ सांगणे ही चेष्टाच ठरेल. उन्हातान्हात राबणे हा ज्यांच्या वाट्याला आलेला भाग होता, त्यांच्यासाठी सावलीत बसून लिहिणे हीच क्रांती होती. या आक्षेपाला उत्तर दिल्याशिवाय पुढची माहिती देण्यात अर्थ नाही.

‘बाहेर’ हा शब्द सर्वांसाठी सारखा नाही, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार? गाव आत आणि आपली वस्ती बाहेर. विहीर, तळे, देऊळ, वाट यांपैकी प्रत्येकावर कोणाचा तरी पहारा. साधी सहलसुद्धा त्यातून सुटली नव्हती. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले असता वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी मंडळींनी किल्ल्याबाहेरच्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. त्यावरून पाणी बाटवल्याचा गिल्ला झाला. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती आत कोठेही पाण्याला हात लावणार नाही या अटीवर, आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी एक सशस्त्र शिपाई सोबत देण्यात आला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. गडकोटांच्या भटकंतीवर मराठीत पुष्कळ लिहिले जाते. ते वाचताना या शिपायाची आठवण आम्हांला हटकून होते. डोंगर सर्वांचा असतो हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते खरे करून घ्यावे लागते.

म्हणून प्रश्न असा की बाहेरचा अनुभव शिक्षण केव्हा ठरतो आणि केवळ कष्ट केव्हा? याचे उत्तर ज्यांनी शास्त्रशुद्धपणे शोधले ते जॉन ड्युई आपल्याला परके नाहीत. सयाजीराव गायकवाड महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा ड्युई तेथे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि बाबासाहेब त्यांच्या वर्गात बसले. १९५२ साली मानद पदवी स्वीकारण्यासाठी ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले. त्याच दिवसांत ड्युईंचे निधन झाले आणि गुरुशिष्यांची भेट राहून गेली. या ड्युईंनी १८९६ मध्ये शिकागोला प्रयोगशाळा म्हणून एक शाळा काढली होती. तेथे मुले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करता करता गणित, इतिहास आणि विज्ञान शिकत. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक्सपिरिअन्स अँड एज्युकेशन’ या छोट्या पुस्तकात त्यांनी एक मोलाचा भेद केला. प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही. काही अनुभव माणसाची पुढची वाढ खुंटवतात, त्याला बधिर करतात, त्याच्यापुढील वाटा बंद करतात. ज्या अनुभवातून पुढचे अनुभव घेण्याची शक्ती वाढते तोच शैक्षणिक अनुभव.

त्या पालकांचे उत्तर येथे आहे. फडावरचे ऊन आणि शिबिरातले ऊन अंगाला सारखेच भाजते. परंतु फडावर मुलाला थांबण्याची, प्रश्न विचारण्याची, आपण काय करतो आहोत याचा विचार करण्याची मोकळीक नसते. आणि केलेल्या कामातून त्याची पुढची वाट उघडत नाही. अनुभवाधारित शिक्षणाचा सारा भर नेमका या मोकळिकीवर आहे. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये त्याचे चार टप्पे मांडले, आणि आज या विषयाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत ते शिकवले जातात. प्रत्यक्ष अनुभव घ्यावा, त्याकडे मागे वळून पाहावे, त्यातून एखादा नियम किंवा कल्पना काढावी आणि ती नव्या प्रसंगी वापरून पाहावी.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, आठवीच्या मुलांना आपण गावच्या ओढ्याच्या उगमापर्यंत चालत नेले. हात लावून पाणी पाहिले, काठची झाडे मोजली, कोठे बंधारा आहे आणि कोठे वाळू उपसली आहे ते वहीत उतरवले. एवढ्यावर थांबलो तर ती सहल झाली. परंतु झाडाखाली गोल करून बसलो आणि विचारले, ‘वरच्या अंगाला पाणी स्वच्छ होते, मग आपल्या वस्तीपाशी ते गढूळ का होते? मध्ये काय काय लागले?’ तर मुले बोलू लागतात. कोणी धोबीघाटाविषयी सांगते, कोणी खतांविषयी. आणि एखादी मुलगी हळूच म्हणते की पाणवठ्याची वरची जागा नेहमी त्यांचीच असते, आमची खालची. येथे भूगोल संपून समाजशास्त्र सुरू होते. दुसऱ्या आठवड्यात तीच मुले ग्रामपंचायतीला पाणीतपासणीसाठी अर्ज लिहितात. हा चौथा टप्पा. ओढ्यापर्यंत कोणीही नेऊ शकते. झाडाखालच्या त्या अर्ध्या तासासाठी मात्र प्रशिक्षित शिक्षक लागतो, आणि विद्यापीठे जे शिकवतात ते मुख्यतः हेच.

आपण रोज धम्मवंदनेत ‘एहिपस्सिको’ हा शब्द उच्चारतो. ये आणि स्वतः पाहा, असे धम्माचे आवाहन आहे. या शब्दाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना ही शिक्षणपद्धती समजावून सांगणे तसे जड जाऊ नये.

महाराष्ट्रातही याची जुनी उदाहरणे आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व पुढे कोसबाडच्या वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, असा तो विचार. मुलांच्या कष्टाला नावे न ठेवता त्यात शिक्षण पेरण्याचा असा प्रयत्न आम्हांला परदेशी नमुन्यांहून मोठा वाटतो. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून ग्रामीण मुलांना हाताने काम करता करता विज्ञान शिकवले, तेही याच घराण्यातले.

साहसी शिबिरांची जी शाखा आज अधिक दिसते तिचा उगम मात्र युरोपात आहे. कुर्ट हान हे जर्मन ज्यू शिक्षणतज्ज्ञ. हिटलरला उघड विरोध केल्याबद्दल १९३३ साली त्यांना अटक झाली, आणि सुटका झाल्यावर ते ब्रिटनमध्ये आले. दुसऱ्या महायुद्धात बोटी बुडाल्यावर तरणेबांड खलाशी जीवनरक्षक होड्यांत लवकर धीर सोडतात आणि वयस्क खलाशी तगून राहतात, असे एका जहाज कंपनीच्या मालकांच्या ध्यानात आले. उणीव ताकदीची नव्हती, स्वतःवरच्या आणि सोबत्यांवरच्या विश्वासाची होती. त्यातून १९४१ मध्ये वेल्समधील अबरडोव्ही येथे हान यांनी तरुणांसाठी सुमारे महिनाभराचा अभ्यासक्रम सुरू केला. तीच ‘आउटवर्ड बाउंड’ या संस्थेची सुरुवात. १९६५ मध्ये अमेरिकेत पॉल पेट्झोल्ड यांनी ‘नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल’ स्थापन केली. असे शिक्षक घडवायचे कोणी, या प्रश्नातून पुढे विद्यापीठीय अभ्यासक्रम आकाराला आले.

आता या अभ्यासक्रमांविषयी. स्कॉटलंडमधील एडिनबरा विद्यापीठाच्या मोरे हाउस या शिक्षणशाखेत आउटडोअर एज्युकेशनची एम.एससी. दीर्घकाळ शिकवली जात आहे. तिचा पूर्णवेळ कालावधी एक वर्षाचा. (मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र विभाग सुरू करणारे पॅट्रिक गेडिस एडिनबऱ्यातच घडले. ‘आधी गाव पायी फिरून पाहा, मग बोला’ ही शिस्त त्यांचीच.) इंग्लंडमध्ये कम्ब्रिया विद्यापीठ, नॉर्वेत ओस्लोचे क्रीडाविज्ञान विद्यालय, अमेरिकेत मिनेसोटा राज्य विद्यापीठाचे मँकेटो येथील केंद्र, न्यू हॅम्पशायर विद्यापीठ आणि ॲरिझोनातील प्रेस्कॉट कॉलेज ही या विषयातील परिचित नावे. कोलोरॅडोतील नारोपा विद्यापीठाचा उल्लेख आपल्या वाचकांसाठी मुद्दाम करतो. १९७४ साली चोग्याम त्रुंग्पा या तिबेटी आचार्यांनी स्थापन केलेल्या या बौद्ध प्रेरणेच्या विद्यापीठाने ध्यान, समुपदेशन आणि रानावनातील सहवास यांची सांगड घालणारे पदव्युत्तर शिक्षण दिले आहे.

प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रे आणि स्वतःविषयीचे निवेदन तर लागतेच. पण सर्वांत अधिक पाहिली जाते ती प्रत्यक्ष कामाची नोंदवही. किती दिवस बाहेर मुलांसोबत काढले, कोणत्या वयोगटासोबत, कोणत्या जबाबदारीने, आणि काही बिघडले तेव्हा काय केले, हे त्यात हवे. अभ्यासात शिक्षणाचे तत्त्वज्ञान, गट हाताळण्याची कला, जोखमीचे व्यवस्थापन, पर्यावरण, संशोधनपद्धती आणि शेवटी प्रबंध असतो. दोर, गाठी आणि बर्फ यांची विद्या तेथे गौण. ती आधीच आलेली असावी, अशी अपेक्षा असते.

खर्चाचे बोलू. परदेशी शिक्षणाचे शुल्क आपल्या घरांच्या आवाक्यातले नाही. नॉर्वेतील सरकारी विद्यापीठे पूर्वी शुल्क घेत नसत; २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तेथेही शुल्क पडते. या क्षेत्रातील पगार पाहता कर्ज काढून ही पदवी घेणे हा आमच्या मते आतबट्ट्याचा व्यवहार आहे, आणि हे आम्ही विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगतो. जायचे तर शिष्यवृत्तीवरच. महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप हे त्यांतील दोन मुख्य आधार. केंद्राच्या योजनेत वय ३५ पेक्षा कमी, पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत अशा अटी आहेत.

यातील एक खाचखळगा आधी सांगितलेला बरा. या योजनांत विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान पाहिले जाते, आणि त्याची मर्यादा शासननिर्णयागणिक बदलत आली आहे. आपल्या विषयासाठी नावाजलेली प्रेस्कॉट किंवा नारोपासारखी लहान विद्यालये या क्रमवारीच्या मोजमापात बसत नाहीत. म्हणजे विषयाला उत्तम ते शिष्यवृत्तीला अपात्र, असा पेच उभा राहतो. एडिनबरा मात्र जगातील अग्रगण्य विद्यापीठांत मोडत असल्याने तेथे ही अडचण येत नाही. दुसरी गोष्ट अशी की केंद्राच्या योजनेतून २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले आहेत. गडकिल्ले आणि जात, किंवा पाणवठे आणि शाळा, अशा विषयावर संशोधन करू इच्छिणाऱ्याला त्या दाराने जाता येणार नाही. हा निर्णय आम्हांला अन्यायाचा वाटतो. पण अर्ज भरणाऱ्याला तो माहीत असला पाहिजे.

परदेशाचा विचार बाजूला ठेवला तरी वाट बंद होत नाही; किंबहुना ती सुरू होते येथूनच. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ साली स्थापन झाली. तेनझिंग नोर्गे हे तिचे पहिले क्षेत्रप्रशिक्षण संचालक. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ ची. मनाली, पहलगाम आणि अरुणाचलातील दिरांग येथेही शासकीय संस्था आहेत. सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम, त्यात उत्तम श्रेणी मिळाल्यास प्रगत अभ्यासक्रम, आणि त्यानंतर ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ म्हणजे शिकवण्याचे प्रशिक्षण, अशी ही शिडी आहे. शुल्क शासकीय दराचे असते आणि साधने संस्थेकडूनच वापरायला मिळतात, त्यामुळे महागडे बूट नसल्याने कोणी मागे राहत नाही. एनसीसीतर्फे छात्रांना येथे पाठवले जाते. कनिष्ठ महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही संधी दवडू नये. याच्या जोडीला ‘विल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ हे सुमारे ७० ते ८० तासांचे प्रथमोपचार प्रशिक्षण घेतले, तर कोणतीही चांगली संस्था अर्ज बाजूला टाकत नाही.

शिक्षणशास्त्राची बाजू भारतातच भक्कम करता येते. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातील एम.ए. एज्युकेशनला गरजेनुसार शुल्कसवलत आहे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आपल्या परिचयाची आहेच. आउटडोअर एज्युकेशन या नावाची पदवी तेथे नसली, तरी प्रबंध आणि क्षेत्रकार्य त्याच विषयावर बेतता येते. बी.पी.एड. व एम.पी.एड. हा आणखी एक मार्ग. १९१४ पासून व्यायामविद्येचे केंद्र असलेली अमरावतीची संस्था विदर्भातील मुलांना जवळची. आमचा सल्ला असा : आधी पदवी, तिच्या सुट्ट्यांत गिर्यारोहणाची शिडी, मग दोन-तीन वर्षे प्रत्यक्ष काम, आणि त्यानंतर पदव्युत्तर शिक्षण. पदवीनंतर लगेच एम.ए. केलेल्याला मुलांसमोर उभे राहिल्यावर काय करावे ते सुचत नाही, असे अनेकदा दिसते.

कामाच्या जागा कोठे आहेत? सर्वांत सहज मिळते ते शिबिरांतील प्रशिक्षकाचे काम. ते हंगामी असते. हिमालयात मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, सह्याद्रीत पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि हिवाळा. उरलेले महिने हात रिकामे. तरुणपणी हे चालते, लग्नानंतर जड जाते. त्यामुळे चार-पाच वर्षांत स्थिर जागेकडे वळावे. अशा जागा म्हणजे मोठ्या निवासी शाळांतील आउटडोअर विभाग, पर्यावरण शिक्षणाच्या संस्था (अहमदाबादचे सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन १९८४ पासून काम करते), वनखात्याची निसर्ग माहिती केंद्रे, कंपन्यांसाठी प्रशिक्षण घेणाऱ्या संस्था, आणि अलीकडे समुपदेशन व व्यसनमुक्ती क्षेत्र. महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांना नोंदणी आणि सुरक्षेचे नियम लागू केल्यापासून प्रशिक्षित माणसाची किंमत वाढली आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची तरतूद आहे. ते दहा दिवस कसे घालवायचे हे जाणणारे शिक्षक शाळांना शोधावे लागत आहेत.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. या क्षेत्रात आजवर बहुधा तेच आले ज्यांच्या घरी सुट्टीत डोंगरावर जाण्याची रीत होती. त्यामुळे शिबिरातल्या गप्पा, खाणे, विनोद, गाणी यांना एका विशिष्ट घराचा वास असतो, आणि आपले मूल तेथे पहिले काही दिवस बुजते. आडनाव विचारले जाते, मग एक छोटीशी शांतता पसरते. हे घडते, आणि घडणार नाही असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. परंतु अनवाणी रान तुडवलेल्या, पाण्याची जागा डोळ्यांनी ओळखणाऱ्या, एका खोलीत चाळीसजणांसोबत राहण्याची सवय असलेल्या मुलाजवळ जे असते, ते या क्षेत्राला पैसे देऊन शिकवावे लागते. गटात राहणे आणि थोडक्यात भागवणे हे वसतिगृहाने आपल्या मुलांना आधीच दिलेले आहे. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. शाळा आपल्या मुलींना शिबिरावर पाठवताना कचरतात, त्याचे एक कारण स्त्री प्रशिक्षकांची वाण हे आहे; प्रशिक्षण घेतलेल्या मुलीला काम शोधत फिरावे लागत नाही.

अखेरीस कागदपत्रांचे. शिष्यवृत्तीचे अर्ज बाद होतात ते बहुधा गुणांमुळे नव्हे, दाखल्यांमुळे. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पारपत्र यांतील नाव अक्षरशः एक असावे. आई-वडिलांनी आडनाव बदलले असल्यास राजपत्रातील नोंद जपून ठेवावी. अनुसूचित जाती आदेशातील १९९० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या, परंतु केंद्राच्या कामासाठी जातीचा दाखला केंद्राच्या विहित नमुन्यातच लागतो. राज्याचा दाखला जोडून वेळ दवडू नये. जातवैधता प्रमाणपत्रासाठी बारावीतच अर्ज करावा. जुन्या नोंदवह्यांतील उतारे शाळेच्या कार्यालयातून मिळतात. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या दाखल्यात नावाची चूक आहे त्यांनी ती अर्जाच्या वर्षापर्यंत न ठेवता याच उन्हाळ्यात येऊन दुरुस्त करून घ्यावी. येताना वडिलांचा मूळ दाखला सोबत आणावा.